हा ल आपला नाही

लातूरहून आप्पांचा फोटो आला की मी तो लगेच उघडत नाही. आधी चहा घेते. त्यात नातवंडं नसतात, देवदर्शन नसतं, सुप्रभात म्हणणारी फुलं तर अजिबात नसतात. एखाद्या दुकानाची पाटी असते, नाहीतर बसस्थानकावरचा फलक, नाहीतर कुठल्याशा दादाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, आणि खाली एकच ओळ. ‘मॅडम, हा ल आपला न्हाई.’

ल दोन प्रकारचे असतात हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तोवर मी सुखात होते. शाळेत आपण पाटीवर गिरवतो, मधल्या दांडीच्या दोन्ही अंगांना सारख्या वाट्या असतात, तो मराठी ल. उजवीकडे उभा काना घेऊन येतो तो हिंदी वळणाचा. श चंही तसंच, त्याचं डोकं दोन्हीकडे वेगवेगळं वळतं. कॉम्प्युटरवर मराठी लिहायला घेतलं की बहुतेक ठिकाणी हे दुसऱ्या वळणाचे ल आणि श येतात. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. माझं अडलं नव्हतं, तुमचंही अडलं नसेल. पण आप्पांचं अडे. ‘गाव लातूर. अन् गावाचं पयलंच अक्षर दुसऱ्याच्या घरचं? लाज वाटाय पायजे,’ असं ते म्हणत, आणि लाज मला वाटायला हवी असल्यासारखं माझ्याकडे बघत. आता मला ऑटोतून जाताना एकही पाटी सरळ वाचता येत नाही. हा मजकूर छापताना कुठला ल वापरलाय देव जाणे. आप्पांच्या हाती पडला की ते कळवतीलच.

मन्मथ बिराजदार हे त्यांचं पूर्ण नाव. आमच्या नांदेडच्या मुलींच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे आणि मी त्याच मजल्यावर अकाउंट्स शिकवायचे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणत. उंच, थोडेसे वाकलेले, कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. बायकामुलं लातुरात, हे इथं एका खोलीत. शनिवारी गावी जायचे आणि सोमवारी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि नवीन तक्रार घेऊन परत यायचे. लॅबच्या दाराशी चपला काढायचा नियम त्यांनी केला होता. एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी बूट काढायला लावले, आणि त्यातल्या एकाचा मोजा अंगठ्याशी फाटलेला निघाला. त्या दिवशी आम्हाला शेरा काय मिळाला ते विचारू नका.

लातूरकरांनी पाण्याविना जे दिवस काढले ते आप्पांच्या अंगात मुरले होते. स्टाफरूममध्ये कुणाला पाणी द्यायचं तर ते अर्धाच पेला भरत. ‘लागलं तर आणखी घ्या की. टाकायला कामून घेता?’ आम्ही गोदाकाठची माणसं, नळ सोडून गप्पा मारणारी. आप्पा बोलता बोलता उठत, बाहेर जात, कुठलातरी नळ घट्ट करून येत आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिथून पुढे सुरू करत. तोवर आपण काय बोलत होतो हे आपल्याला आठवत नसे, त्यांना मात्र बरोबर आठवे. याचा किती वैताग येतो ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीतही त्यांचं तेच. जे आहे ते टाकायचं नाही. लॅबमधली सगळी मशिनं जुनी. विंडोजची नवी आवृत्ती त्यांच्यावर टाकली की ती अशी धापा टाकत की एक फाईल उघडेपर्यंत माझी हजेरी घेऊन व्हायची. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. आप्पांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि सगळ्या मशिनांवर विंडोजच्या जागी लिनक्स हे दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. ती मशिनं पुन्हा चालायला लागली हे मला मान्य करावंच लागेल. व्हायरसची भीती गेली, ‘तुमची प्रत खरी नाही’ म्हणून पडदा काळा होणं थांबलं, आणि शिवाय ते फुकट.

इथवर कुणाचीच हरकत नव्हती. पण आप्पा इथवर थांबणारे नव्हते. त्यांनी सगळ्या लॅबची भाषा मराठी करून टाकली. ‘सेव्ह’ गेलं, ‘जतन करा’ आलं. ‘कॅन्सल’ गेलं, ‘रद्द करा’ आलं. भाषा मराठी केल्यावर लिनक्सनं ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे दिले. त्या दिवशी आप्पा मला हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेले, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘बगा.’ मी बघितलं. तिथं ‘लातूर’ एवढंच लिहिलेलं होतं.

‘आप्पा, विंडोजवर पण मराठी वळणाचा फाँट टाकता येतो,’ मी म्हणाले. हे मला आमच्या भाच्यानं सांगितलं होतं.

‘टाकता येतो. मालूम हाय मला. ॲपलच्या मॅकवर बी शोधला तर मिळतो. पर मी कामून शोधायचा? माझ्याच घरात मी परवानगी मागून बसू?’

मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.

मराठीमागचं खरं कारण मात्र ल नव्हता. आमच्या मुली मुदखेड, भोकर, नायगाव अशा बाजूंच्या खेड्यांतून येत. बारावीपर्यंत इंग्रजीनं त्यांना रडवलेलं असे. पडद्यावर इंग्रजी चौकट आली की त्या हात आखडून घेत, नाहीतर डोळे मिटून ‘ओके’ दाबत. आप्पांचा सगळा जीव या ‘ओके’वर जळे. ‘हो म्हन्लीस. कशाला हो म्हन्लीस ते वाचलंस का?’ हा प्रश्न ते दिवसभर विचारत. दिसेल त्याला विचारत. मी एकदा रजेच्या अर्जावर न वाचता सही केली तर मलाही विचारला.

शीतल पहिल्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. मुदखेडच्या पुढच्या एका गावातून रोज रेल्वेनं यायची. बारीक चणीची, पण आवाज खणखणीत. लॅबमधल्या पहिल्याच तासाला तिनं काहीतरी टाईप केलं, बंद करायला गेली आणि चौकट आली. तिनं ती मोठ्यानं वाचली. ‘तुम्ही केलेले बदल जतन करायचे का?’ मग दचकून आप्पांकडे वळली. ‘सर, हे मला विचारून राहिलंय?’

‘मंग कुणाला? तूच लिव्हलंस ना? तुलाच इचारणार. सांग त्याला.’

शीतलनं पुन्हा एकदा ते वाचलं आणि ‘जतन करा’वर बोट ठेवलं. म्हणजे माऊस न धरता पडद्यावरच ठेवलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. मी दारात उभी होते. त्या मुलीला आयुष्यात कुणी ‘तुला काय करायचंय’ असं विचारलं असेल तर ते बहुधा त्या मशिननं पहिल्यांदा, असं मला वाटून गेलं. आप्पांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते महिनाभर सगळ्यांना ऐकवलं असतं.

त्यांना ऐकवायला विषय कमी नव्हतेच. तिन्ही सिस्टिमची त्यांनी नाती लावून ठेवली होती. स्टाफरूममध्ये कुणी नवीन आलं की तेच कीर्तन पहिल्यापासून. ‘विंडोज म्हंजे जावई. सगळ्यांच्या वळखीचा. कुठंबी न्या, पाट मांडलेला हाय. प्रिंटर तर त्याला उठून उभा ऱ्हातो. पर त्याची येळ त्यानंच ठरवायची. तुमच्या घरी परीक्षा असू द्या न्हाईतर मयत, तो म्हणणार मला आत्ताच आंघोळ करायची हाय, दिवा बंद करू नका. करा मंग सरबराई. मॅक म्हंजे मोठ्या घरची सून. देखणी, आवाज न्हाई, आजारी पडायचं नाव न्हाई. पर भांडं माहेरचंच लागतं. तुमच्या घरचं गंज-पातेलं तिला चालत न्हाई. अन् लिनक्स म्हंजे सख्खा भाऊ. अर्ध्या रात्री हाक मारा, येईल, एक रुपाया मागणार न्हाई. पर आधी धा सवाल इचारील, अन् एकाचंबी उत्तर चुकलं की रुसून बसंल.’

‘आणि बायको?’ मी एकदा वैतागून विचारलं.

‘बायको म्हंजे लाईट,’ आप्पा म्हणाले. ‘ती गेली की तिघंबी गप.’

मॅकवर ते बोलत ते अनुभवानं. संस्थेच्या एका पुणेकर हितचिंतकानं प्राचार्यांना मॅक भेट दिला होता. अतिशय सुंदर वस्तू. प्राचार्यांनी तिला क्रोशाचं झाकण विणून घेतलं. आमचे पेन ड्राइव्ह त्याला बसतच नसत, त्यासाठी वेगळा जोड आणावा लागला. जोड आणला तर एका पेन ड्राइव्हमधलं वाचता येई पण त्यावर काही लिहिता येईना. शेवटी प्राचार्य त्यावर फक्त भाषणं ऐकायचे. मशीन कधी बिघडलं नाही हे खरं. ‘बिघडंल कसं? कुणी कामच सांगत न्हाई तिला,’ असं आप्पा म्हणायचे.

आणि सख्ख्या भावाचा अनुभव मला आला. अंतर्गत गुणांची फाईल त्याच दिवशी द्यायची होती. आधी दुसराच एक कागद छापायला मी पेन ड्राइव्ह घेऊन कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तिथल्या कॉम्प्युटरला लावला, आणि परत येऊन उघडला तर सगळ्या फोल्डरांच्या कोपऱ्यात एकेक बाण, आत काही नाही. व्हायरस. मी रडकुंडीला येऊन आप्पांकडे धावले. त्यांनी आधी मला चपला काढायला लावल्या. मग पेन ड्राइव्ह लिनक्सला लावला, काहीतरी दाबलं आणि म्हणाले, ‘हाय की सगळं. लपून बसलं व्हतं.’

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांनी तेवढी उसंत दिली नाही. ते माझ्या फाईलींची नावं मोठ्यानं वाचायला लागले. ‘फायनल. फायनल नवीन. फायनल खरं. मॅडम, यातलं खरं कोणतं?’ लॅबमध्ये तेव्हा माझ्याच वर्गाच्या मुली बसल्या होत्या.

फाईल मिळाली, आता छापायची. लॅबमधला नवा प्रिंटर लिनक्सला ओळखच देईना. आप्पा त्याच्याशी आधी गोडीनं बोलले, मग चिडून, मग त्यांनी खुर्ची ओढली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काय काय लिहीत बसले. प्रिंटरनं मधेच एक कागद बाहेर टाकला, त्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. दुपार तशीच गेली.

‘चूक आपली न्हाई,’ आप्पा म्हणाले. ‘प्रिंटर बनवणाऱ्यांनी आपल्या लिनक्ससाठी तो चालवणारा ड्रायव्हरच दिला न्हाई. त्यांची चूक हाय.’

‘आप्पा, मला चूक नकोय हो, कागद हवाय!’ मी ओरडले आणि पेन ड्राइव्ह उपसून त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथं विंडोजवर कागद लगेच मिळाले. व्हायरसही पुन्हा मिळाला.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. शीतलचं नेता आलं नाही.

तिसऱ्या वर्षाला तिला नांदेडमधल्याच एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. बियाण्यांचा व्यवहार करणारं ऑफिस, बसून काम, आणि गावाहून रोज येण्याजाण्यासारखं. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. नोकरी लागली तर ते वर्षभर थांबणार होतं, हे तिनं मला सांगितलं होतं. मी आणि आप्पांनी तिची तयारी करून घेतली. हिशेब तिचा पक्का होता, टायपिंग भराभर. लॅबमध्ये तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

त्या दिवशी ती मुलाखतीहून थेट लॅबमध्ये आली. चपला न काढता आली, त्यावरूनच मला कळलं. आप्पा कुठल्यातरी मशिनचं पोट उघडून बसले होते.

‘काय झालं गं?’ मी विचारलं.

‘इंग्रजी विंडोज होतं मॅडम. एक तक्ता करून सेव्ह ॲज कर अन् मेल कर म्हणाले. तक्ता केला मी. मग मला ती जागाच सापडंना. आपल्याकडं असती तिथं न्हवती. मी त्यांना विचारलं, जतन करा कुठं हाय.’ तिनं फाईल बाकावर ठेवली. ‘ते हसले. एक जण म्हणला, हिला रामायण मालिकेतून आणलं का.’

लॅबमधल्या बाकीच्या मुली टाईप करायच्या थांबल्या.

आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ‘त्यांचं चुकलं,’ ते म्हणाले. ‘जतन हा शबूद काय खराब हाय? त्यांनाच मराठी येत न्हाई. चूक त्यांची हाय.’

‘हाव सर, चूक त्यांचीच हाय,’ शीतल म्हणाली. ‘पर नोकरी माझी गेली.’

मला त्या क्षणी आप्पांचा भयंकर राग आला. प्रिंटरच्या वेळी जे मी ओरडून सांगितलं होतं तेच ती पोरगी शांतपणे सांगत होती, आणि हा माणूस अजून चूक कुणाची तेच मोजत होता. शीतल निघून गेली. आप्पा उठले, बाहेर गेले, एक नळ बंद करून आले आणि पुन्हा मशिनसमोर बसले. तो नळ आधीच बंद होता.

त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी मला एकही ल दाखवला नाही. जावई नाही, सून नाही, काही नाही. स्टाफरूममध्ये इतकी शांतता पसरली की प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, आप्पांची तब्येत बरी आहे ना. दिवाळीच्या सुट्टीत ते लातूरला गेलेच नाहीत. सुट्टी संपवून आम्ही आलो तेव्हा लॅबमधलं प्रत्येक मशीन सुरू होताना विचारत होतं, लिनक्स की विंडोज.

‘एका घरात दोन चुली,’ आप्पा म्हणाले. तोंड कडू झालेलं. ‘काय करता मंग.’

फळ्यावर त्यांनी दोन रकाने पाडले. इकडं ‘जतन करा’, तिकडं ‘सेव्ह’. इकडं ‘रद्द करा’, तिकडं ‘कॅन्सल’. इकडं ‘ठीक आहे’, तिकडं ‘ओके’, आणि त्याच्यापुढं मोठ्या अक्षरांत ‘आधी वाचा’. पहिल्या बाकावर शीतलला बसवलं आणि विंडोज शिकवायला सुरुवात केली. शिकवलं मात्र असं, की वाटावं कुणीतरी यांना दुसऱ्याचं उष्टं ताट घासायला लावलंय. माऊस दोन बोटांनी धरायचे. ‘इथं दाबा. कामून इथं? ते मला इचारू नका. त्यांची मर्जी.’ तरी शिकवलं नेमानं, आणि एकही गोष्ट न गाळता. जावयाचे चांगले गुणही सांगितले. कुठल्याही ऑफिसात गेलीस तरी हाच भेटणार, कुठलाही प्रिंटर याचं ऐकणार, कुठलंही सरकारी संकेतस्थळ यालाच आधी दारात घेणार. हे सांगताना त्यांचा चेहरा पाहवत नसे.

दोन चुलींनी आम्हाला कमी छळलं नाही. लिनक्स बंद करून विंडोज लावलं की मशिनचं घड्याळ साडेपाच तास मागं जाई. भर अकराच्या तासाला मुलींच्या फाईलींवर पहाटेचा वेळ पडे, आणि परीक्षा विभागातून मला विचारणा होई की तुमच्या मुली पहाटे लॅबमध्ये काय करतात. आप्पा म्हणत, ‘दोघांची घड्याळं जुळंनात. ह्यात बिघाड काय हाय? संसार हाय.’ आणि एकदा विंडोजनं आपली ती मोठी आंघोळ केली, म्हणजे अपडेट घेतलं, त्यानंतर मशिनं लिनक्सचं नावच घेईनात. सगळीकडे थेट विंडोज. आप्पा लालेलाल. ‘बघा! आला अन् दुसऱ्याची चूल मोडून बसला!’ पुढचे कितीतरी दिवस एकेका मशिनवर ते परत चूल मांडत होते, आणि माझे तास बुडत होते.

मग आप्पा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते कॉम्प्युटरवर एक शब्द बोलले नाहीत, कॉलेजच्या मागच्या गळक्या टाकीवर बोलले. टाकी अजून गळते. त्यांच्यानंतर लगेचच संस्थेनं नवी मशिनं आणली, सगळ्यांवर विंडोज, सगळं इंग्रजी. मुली पुन्हा डोळे मिटून ‘ओके’ दाबायला लागल्या. मी आप्पांना फोन करून हे सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. ते पलीकडून ‘हं’ म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा ‘हं’ म्हणाले आणि फोन ठेवला. इतकी वर्षं खपून त्यांच्या हाती काय राहिलं, हा विचार मला बरेच दिवस छळत होता.

पुढच्या वर्षी शीतलचा फोन आला. तिनं लग्न लांबवलं होतं, कसं ते तीच जाणे, आणि मुदखेडमध्ये स्टेशनजवळ एक गाळा घेऊन ऑनलाइन सेंटर टाकलं होतं. दाखले, प्रवेशाचे अर्ज, पीकविमा, असली कामं. उद्घाटनाला मी आणि आप्पांनी यायलाच हवं म्हणाली. आप्पा लातूरहून आले, आणि नांदेडहून आम्ही दोघं गाडीनं मुदखेडला निघालो. गाडीत त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून दाखवलं. पेन ड्राइव्ह.

‘काय आहे यात?’ मला अंदाज होता.

‘लिनक्स. आहेर म्हणून. तिच्या मशिनवर टाकून देतो.’

‘आप्पा, हात जोडते. आज पोरीचा चांगला दिवस आहे. तिच्या धंद्याचं मशीन उघडून बसू नका.’

त्यांनी ते परत खिशात ठेवलं. मला जराही भरवसा वाटला नाही.

सेंटरवर पिवळ्या रंगाची पाटी होती. ‘शीतल ऑनलाईन सेंटर.’ शीतल दारातच उभी होती, नवीन ड्रेस, ओढणी नीट लावलेली, मागं आई, भाऊ, गावचे चार लोक. आप्पा रस्त्यातच थांबले आणि पाटीकडे बघायला लागले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

‘ल बघा ना सर,’ शीतल म्हणाली. ‘पाटीवाल्याला दोनदा परत पाठवलं. तो म्हणला सगळे हाच ल लावतेत, मी म्हणलं लावू दे, मला आमच्या सरांचाच पायजे. बेजार झाला तो.’

पाटीवर खरोखरच दोन्ही ल मराठी होते, दोन्ही अंगांना सारख्या वाट्या असलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी नावातल्या ल वर बोट रोखलं.

‘ल आपला हाय,’ ते म्हणाले. मग बोट थोडं डावीकडे सरकलं. ‘अन् श?’

शीतलनं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिच्या नावाचं पहिलं अक्षर हिंदी वळणाचं होतं.

‘आप्पा!’ मी म्हणाले.

आत गेलो. सरपंचबाईंच्या हस्ते पहिला दाखला काढायचा होता. नारळ फुटला, पेढे वाटले, शीतलनं मशीन सुरू केलं. पडदा निळा झाला, त्यावर ठिपके गोल फिरायला लागले आणि खाली इंग्रजीत ओळ आली. अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. टक्क्यांचा आकडा हलेचना. सरपंचबाई खुर्चीच्या टोकाला बसलेल्या. शीतलच्या भावानं विचारलं, ‘खराब निघालं का?’ शीतलचा चेहरा उतरला. तिनं आप्पांकडे पाहिलं नाही, मुद्दाम नाही पाहिलं. मी मात्र त्यांच्या खिशाकडे बघत होते, कारण हात तिकडे गेला होता. हा माणूस इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होता तो समोर आला होता.

आप्पांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, ‘खराबबिराब काय न्हाई. जावई आलाय घरी. आंघोळ उरकू द्या त्याची. तवर चहा करा की सगळ्यांस्नी.’

शीतल खुदकन हसली. तिला सगळं आठवलं असणार. तिची आई चहाला लागली, सरपंचबाई खुर्चीत मागं सरून बसल्या. आप्पांनी शीतलला हळूच विचारलं, ‘काळं मार्कर हाय का? अन् एक स्टूल दे.’

माझी परतीची गाडी होती म्हणून मी चहा घेऊन निघाले. आप्पा त्या दिवशी उशिरा थेट लातूरला गेले, त्यानंतर आमची भेट नाही, नुसते फोटो येतात. कोपऱ्यावरून मी मागं वळून पाहिलं. आप्पा अनवाणी स्टुलावर चढून पाटीवरच्या श चं डोकं वळवत होते. शीतलनं दिलेलं मार्कर खिशातून काढताना पेन ड्राइव्हची ती कागदाची पुडी खाली पडली होती, ती शीतलनं उचलली होती आणि काही न विचारता ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली होती.

‘उतरा सर आता, पडाल! बराबर दिसून राहिला की!’ ती ओरडत होती.

‘कुठं दिसून राहिला? हितून काय कळतंय? मागं सर जरा. मागं सरून वाच.’

आणि शीतल एकीकडे कुरकुरत, एकीकडे येणाऱ्या ऑटोला हातानं थांबवत, रस्त्याच्या मध्यापर्यंत मागं मागं सरकत गेली आणि मान वाकडी करून आपल्या नावाचं पहिलं अक्षर वाचायला लागली.